पालीची मरळ

भिगवण

तीर्थरूप आबांच्या पायांवर उत्तरेश्वरचं डोकं.

मी बरा हाय. उजनीची मासळी बर्फात भरायचं काम हाय, ऊसतोडीपेक्षा लई हलकं. बोटं तेवढी बधिर होतात.

काल मासे मोजायला सरकारी सायब आलते. मी इचारलं, "आमच्या पालीच्या धरणातली मरळ संपत आली, तिचं कसं?" ते म्हणाले, "अरे, मरळ देशभर आहे. तिला धोका नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय." मी म्हणलं, "पुस्तकात असंल सायब, आमच्या डबक्यात न्हाई."

धरण आटून उरल्या डबक्यात मासेमारीची सोसायटी शेवटचं जाळं टाकणार, असं तुमी लिवलं. पाऊस झाला की ते कटला माशाचं बीज, म्हंजी बारकी पिल्लं, इकत आणतील. मरळ ते बीज खाती, तिला कोण आणणार?

तवा जाळ्यात मरळी घावल्या तर चार-दोन जित्या आपल्या हिरीत सोडा. ओल्या पोत्यात न्या, तेवढ्यानं मरत न्हाईत. आईला म्हणावं, कालवणाचं नाव काढू नको. धरण भरलं की मी येऊन परत सोडीन.

हिरीत तेवढं पाणी हाय ना, आबा? मागच्या पत्रात तुमी पाण्याचं कायबी लिवलं न्हाई. खरं कळवा.

तुमचा,
उत्तरेश्वर