जाळीआडची पिल्लं

१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस. माझी नोकरी गेली आणि धाकटीही हातची गेली. मुकादमांची धाकटी मुलगी गं, जिच्यापायी मी कॉलेज सोडून पूल रंगवतोय असं तू जगाला सांगत फिरतेस.

पुलाच्या पोटाला पाकोळ्यांची मातीची घरटी आहेत. रंगाआधी पक्षी येऊ नयेत म्हणून जाळी बांधतात. परवा ती बांधून झाली. काल पाहतो तर पिल्लं आत, आईबाप बाहेर! चोचीत किडे धरून जाळीवर धडकत होते. माझं डोकंच फिरलं. जाळी टराटरा फाडली आणि मुकादमांना सगळ्यांदेखत खुनी म्हणालो. ते एवढंच म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नकोस, घरीही नको.

आता जगून तरी काय करू? भाचीला गोड पापा.

तुझा अभागी भाऊ

१९ मे

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

पापा पाठवतोस, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. जाळी फाडलीस ते बरंच केलंस. आमच्या गल्लीत आता एकही पाकोळी नाही. नव्या गुळगुळीत भिंतींवर बिचाऱ्यांची माती टिकतच नाही.

पण राजा, जाळी ‘बांधून झाली’ म्हणजे? आपोआप? कुणी बांधली ते लिहायला शाई संपली होती का? जा, माफी माग. आणि पुलाला दुसरं टोक असेलच. तिकडून रंगवता येईल का, तेही विचार.

वेळेवर जेव.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

२७ मे

ती. ताईस,
सा. न.

जाळी मीच बांधली. मुकादमांनी बजावलं होतं, शिडीवर चढून प्रत्येक घरट्यात बोट घाल, रिकामं असेल तरच बांध. धाकटी थांब्यावर वाट बघत होती. मी खालूनच बघितलं.

माफी मागितली, तर त्यांनी शिडी लावली आणि मला वर पाठवलं. बऱ्याच घरट्यांत बोटाकडे चोची वासल्या. कडेच्या दोन घरट्यांतली मात्र गार पडली होती. एवढीशी गं, धड पिसंही फुटली नव्हती. मला उतरवेना. त्यांनीच खांद्याला धरून उतरवलं.

आता रंग दुसऱ्या टोकाकडून चाललाय. ही घरट्यांची कमान पिल्लं उडाल्यावर. मला कामावर घेतलंय, पण म्हणाले, न बघता काम उरकणाऱ्याला मुलगी कशी देऊ? ताई, मला राग आला नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत धाकटी पुलाखाली आली. म्हणाली, मी वाट बघत होते, पण घाई कर म्हटलं होतं का? मग दोघं वर बघत बसलो. एक पाकोळी आत शिरली, घरट्यात कलकलाट उठला. तिने माझं रंगाने बरबटलेलं बोट हळूच धरलं आणि ती रडायला लागली.

माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ