दुहेरी लाल टाका

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या आईचंच आहे. पण म्हणून पाकीट बाजूला टाकू नकोस, हात तिचा असला तरी तोंड माझं आहे. मी पलंगावर उशीला टेकून बसलेय आणि ती समोर स्टुलावर, मांडीवर पुठ्ठा घेऊन. आधीच बजावलंय तिला, मी बोलेन तेच लिहायचं, आपल्या मनाचा गोडवा घालायचा नाही. मला वाचता येत नाही म्हणून काहीही लिहून मोकळी होईल, तर तेही चालणार नाही. पान संपलं की परत वाचून दाखवायचं. आत्ता तिने उसासा सोडला. तोही लिही म्हटलं.

हे फोनवर सांगता आलं नसतं का, असं तुला वाटणारच. अगं, तू फोन उचलशील तेव्हा ना! उचललास तरी "आजी, कामात आहे गं, नंतर करते." ते तुझं नंतर अजून उगवायचंय. थंडी गेली, उन्हं तापायला लागली, तुझं काम काही संपेना. घरात तुझं नाव निघालं की तुझे आईबाप एकमेकांकडे बघतात आणि मग दोघंही पंख्याकडे. मी अडाणी आहे, आंधळी नाही. मला वाटत होतं, माझाच राग धरलायस. आमच्या लाँड्रीवरचा तुझा चित्रपट पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं होतं ना, की बाई, माझं नाक केवढं दिसतंय, जरा पलीकडून काढता आलं नसतं का? तेव्हा तू पोट धरून हसलीस. पण घरी जाऊन फुगली असशील, असं मी धरून चालले होते.

खरं काय ते मला गेल्या आठवड्यात कळलं. तुझा चित्रपट गेला. ज्यांनी तो टीव्हीवर दाखवायला घेतला होता त्यांनी, बघणारे थोडे म्हणून, एक दिवस गुपचूप काढून टाकला. ज्यांनी तुला तो करायला सांगितला त्यांची कंपनी गुंडाळली गेली. आणि तुझ्याकडची प्रत ज्या काळ्या डबीत होती ती डबी हातातून पडली आणि मुकी झाली. म्हणजे आता कुठेच नाही. म्हणून तू कॅमेरा विकायला काढलायस, गिऱ्हाईकही ठरलंय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी न्यायला येणार. हे सगळं सगळ्यांना ठाऊक, मी सोडून. का, तर आजीला सोसणार नाही. वा गं वा! इस्पितळाच्या लाँड्रीत मी उभा जन्म काढला, रक्ताच्या चादरी हाताने खंगाळल्या, आणि मला म्हणे सोसणार नाही.

आता तू घाईने खालच्या ओळींवर उडी मारशील, मला ठाऊक आहे. मारू नकोस. मी सांगेन त्याच क्रमाने वाच. इतके महिने तू मला ताटकळत ठेवलंस, थोडं तूही ताटकळ.

लाँड्रीतली एक गोष्ट तुझ्या चित्रपटात आहे, पण घाईत गेलीय, म्हणून पुन्हा सांगते. आम्ही सगळ्या बायका निरक्षर. कपडा कुठल्या वॉर्डाचा ते वाचणार कोण? म्हणून प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला दोऱ्याचा टाका असायचा. मुलांच्या वॉर्डाला पिवळा, कापाकापीच्या वॉर्डाला हिरवा, म्हाताऱ्यांना निळा. वाफेत डोळ्यांना काही दिसत नसे, तरी बोटाला टाका लागला की जाड बारीक, एकेरी दुहेरी बरोबर कळायचं. आणि नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या दुपट्यांना दुहेरी लाल. ते कापड वेगळं धुवायचं, वेगळं वाळवायचं, आणि ज्या बाईकडे दिलंय तिच्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. एकदा एका डॉक्टरने घाम पुसायला त्यातलं एक उचललं, तर आपल्या इस्त्रीने त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. इस्त्री म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. कामावर नेहमी कडक घडीच्या साडीत यायची ती, माझी जोडीदारीण. चादर घडी करायला समोरचं टोक कायम तिच्या हातात.

तर हीच रीत मी घरी आणली. माझ्या सीड्या. तू त्यांना डीव्हीडी म्हण, मी सीडीच म्हणणार. प्रत्येक डबीच्या कण्याला मी बारीक भोक पाडून दोरा ओवला. मारामारीचे चित्रपट हिरव्या दोऱ्याचे, कारण तिथेही कापाकापीच. रडायचे निळे. तुझ्या लहानपणचे ससे-अस्वलांचे पिवळे. वीज गेली तरी मी अंधारात हात घालून पाहिजे तो काढून देईन, मग लावता येणार नाही ही गोष्ट वेगळी.

पण माझ्या लेकाला, म्हणजे तुझ्या बापाला, ते फडताळ डोळ्यांत सलायला लागलं. "आई, आता हे कोणी ठेवत नाही. सगळं टीव्हीत असतं." टीव्हीत कुठे, म्हटलं. "वर असतं, वरून येतं." वर म्हणजे, अरे, तुझे बाबा गेलेत तिथे का, म्हटलं. मग चिडला. तरी हौसेने त्याने माझा तो दोन बहिणी आणि होडीचा चित्रपट टीव्हीत विकत घेऊन दिला. भाड्याने नाही हं आई, विकत, असं ठासून सांगितलं. आता मला तो सापडायचा कसा? नाव वाचता येत नाही, म्हणून मी चित्र लक्षात ठेवलं, होडी. दुसऱ्या दिवशी होडीच्या जागी थोरली बहीण. मग नुसतंच आभाळ. अगं, चित्रं बदलत होते ते लोक! दर वेळी नवीन कपडे घालून आलेल्या माणसाला ओळखायचं तरी कसं? तरी मी आवाजावरून शोधायला शिकले. आणि मग एक दिवस तो नव्हताच. लेक त्या लोकांशी फोनवर भांडला. ते म्हणाले, तुम्ही चित्रपट घेतला नव्हता, बघायची परवानगी घेतली होती. मी विचारलं, अरे, विकलेली चादर परत न्यायला दुकानदार कधी आपल्या घरात शिरलाय का? "आई, तसं नसतं." मग कसं असतं, म्हटलं. तेव्हा साहेबांना एकदम भूक लागली.

तुझी आई हसतेय. हसू दे, दोन आठवड्यांपूर्वी अशी हसत नव्हती.

तर तुझी डबी मुकी झाल्यावर तुला आठवलं, की तू एकदा माझ्या हट्टापायी तुझा चित्रपट सीडीवर भरून दिला होतास. कागदी पाकिटात घातलेली, वर लाल पेनाने काहीतरी लिहिलेली. "आजी, आता सीडी कोण बघतं गं," असं म्हणत दिली होतीस. तू आईला विचारलंस. मी दवाखान्यात डोळे तपासायला गेले होते, तेवढ्यात दोघांनी फडताळ रिकामं केलं. एकेक डबी वाचून बघितली. तुझं पाकीट त्यांना खणात मिळालं. रिकामं. दोघांनी ठरवून टाकलं, की म्हातारीने सीडी कुठेतरी हरवली. मला विचारावं? छे! तिला वाईट वाटेल. तूही म्हणालीस, आजीला कळू देऊ नका. सगळे इतके चांगले वागलात, इतके चांगले वागलात, की एकाही शहाण्याने तोंड उघडलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात मंगळवारी तुझ्या आईचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती दुपारीच घरी आली. माझ्या खोलीचं दार लोटलेलं. आत नेहमीची मंडळी, मी, आमच्या लाँड्रीतली साबणी आणि वरच्या मजल्यावरची नर्स, निवृत्त झालेली. दर मंगळवारी या वेळी आम्ही बसतो. तुझ्या आईने दाराबाहेरूनच यंत्रांची घरघर ऐकली. मग वाफेची शिट्टी. मग तुझा आवाज. "आजी, हा टाका कसला?" असं तू विचारतेस ना, कॅमेऱ्यामागून, तो.

दार उघडलं म्हणून बघते तर ही उंबऱ्यातच उभी, खांद्याला पर्स, आणि डोळ्यांतून पाण्याची धार. मला वाटलं, हिची नोकरी गेली. साबणी उठून पाणी आणायला धावली. ही आपली टीव्हीकडे बोट दाखवतेय आणि "आई, हे, हे" यापुढे गाडी सरकेना. हे काय, म्हटलं, तुझ्याच मुलीचा चित्रपट आहे, ओळखला नाहीस?

होय गं भिंगरी. आहे. तू तिकडे त्याचं सुतक धरून बसलीस आणि तो इथे दर मंगळवारी चहाबरोबर चालतो आहे. सगळ्या जगातून गेला, माझ्या खोलीतून नाही गेला.

आता कुठे होता ते ऐक. कागदाच्या पाकिटाला दोरा ओवता येत नाही, फाटतं. मला डबी हवी होती. तुझ्या बापाने कधीकाळी पोट कमी करण्याच्या व्यायामाची सीडी आणली होती. ती त्याने एकदाही लावली नाही, हे त्याच्याकडे बघून कोणीही सांगेल. ती मी काढून कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली, अजून फिरतेय वाऱ्यावर, आणि रिकाम्या डबीत तुझा चित्रपट ठेवला. या घरात त्या डबीइतकी सुरक्षित जागा नाही, तिला कोण हात लावणार? हे दोघे वाचत गेले, पोट कमी करा असं लिहिलेलं दिसलं आणि पुढे गेले. कण्यावरचा दोरा त्यांनी बघितलाच नाही. दुहेरी लाल.

संध्याकाळी लेक आला. तुझ्या आईने डबी त्याच्या पुढ्यात धरली. त्याला वाटलं, पुन्हा पोटावरून बोलणी बसणार. "उद्यापासून चालायला जातो," म्हणाला बिचारा. मग उघडून दाखवली. तो खाली बसला आणि बराच वेळ माझ्या पायावर हात ठेवून होता. दुसऱ्या दिवशी फडताळाचा मोडका कप्पा स्वतःच्या हाताने बसवून दिला त्याने, आणि हातोडी बोटावर मारून घेतली.

सीडी अगदी नवीकोरी आहे असं मात्र समजू नकोस. एक चरा आहे. इस्त्री चादर झटकून वर उचलते ना, आणि माझ्याकडे बघून हसते, नेमकी तिथे अडते. ती हसतेय, चादर हवेत, आणि सगळं थांबलेलं. इस्त्री जाऊन आता वर्ष होत आलं. लाँड्रीही पाडली, तिथे गाड्या लावतात. तिथे चित्र अडलं की आम्ही कोणी यंत्राला थापट मारत नाही. अडू देतो. साबणी तेवढ्यात तिला घरच्या चार गोष्टी सांगून घेते. मग आपोआप पुढे सरकतं.

पण तुझी आई घाबरली. चरा वाढला तर? म्हणून कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्यांना घरी बोलावलं, माझं यंत्र तेच दुरुस्त करतात. ते म्हणाले, आजी, घरी भरलेली सीडी काही अमरपट्टा घेऊन आलेली नसते, आजच नक्कल करू. दुपारभर बसले. चऱ्यातूनही त्यांनी सगळं सोडवून काढलं, कुठलं काही गेलेलं नाही. आता एक प्रत तुझ्या आईच्या कपाटात, एक साबणीकडे, एक वरच्या नर्सकडे, एक रेडिओवाल्यांनी स्वतःच्या दुकानात ठेवून घेतली. लेकाने आणखी एक कॉम्प्युटरमध्ये घातलीय आणि म्हणतो एक वरही ठेवू. ठेव म्हटलं, वरच्यांनाही बघू दे. प्रत्येक डबीला ज्याने त्याने आपापल्या हाताने दोरा ओवलाय. आता काढा म्हणावं काढून! किती घरांत शिराल?

नर्सने तिची प्रत इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांना दाखवली. त्या अर्ध्यातून उठल्या आणि आणखी चौघींना बोलावून पुन्हा पहिल्यापासून लावला. आता नर्सच्या शाळेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. लाँड्रीतल्या उरल्यासुरल्या सगळ्या बायका येणार, इस्त्रीचा मुलगा बायकोला घेऊन येणार, त्याने आईला त्या कामात कधी बघितलंच नव्हतं. माझं नाक भिंतीएवढं दिसणार आहे. मी नवी साडी काढून ठेवलीय. शेवटी तू पुढे येऊन बोलायचंस असं मी सिस्टरांना कबूल करून टाकलंय. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझी. महिन्याचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी पाच. हो, तोच दिवस. दिवस मीच ठरवला. तुझं गिऱ्हाईक कॅमेरा न्यायला आलं, तर दाराला कुलूप बघून जाईल.

आणि आता, फोन न करता पत्र का, ते. पाकीट हलवून बघ, तळाशी दोरा आहे. लाल. फोनमधून दोरा पाठवता येत नाही, अजून तरी. तो तुझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांध. एकेरी नाही, दुहेरी. लाँड्रीतल्या बाईची नात आहेस, त्याचा अर्थ तुला सांगायला नको. ज्याच्याकडे दिलंय त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याच्याकडे दिलंय त्याने ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. बांध, गळ्यात अडकव, आणि तसाच घेऊन ये. साबणी म्हणते, तिची कहाणी अजून कोणी काढली नाही, आणि तिचं नाक माझ्यापेक्षा बरं आहे.

तुझ्या आईने शेवटचं पान वाचून दाखवलं. दोनदा अडली, पण चरा आहे म्हणून मी अडू दिलं.

मला सही येत नाही. म्हणून खाली कागदालाच सुईने टाका घातलाय. बोट फिरवून बघ, ती मीच.

तुझीच,
मोठ्या नाकाची आजी