विकासच्या दारातली पांढरी स्कुटी

अनसिंग, ४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईस,
धाकट्या हरीओमचा शि. सा. न.

वि. वि. पाकीट पाहून घाबरू नको, घरी सगळे ठीक आहेत. माझा मोबाईल भिंतीवर आपटून फुटला. आपटला मीच. बाबांच्या फोनवर बोलावं तर ते स्पीकर लावून खाटेवर बसतात, अन् हे बाबांनी ऐकायचं बोलणं नाही.

वैभवीनं बॅटरीची स्कुटी घेतली. पांढरी. वर्षभर ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसून वाशिमले येत होती. तिची पॅथॉलॉजी लॅब अन् मी कामाले आहे ते कृषी केंद्र एकाच रस्त्यावर. कॉलेज सोडल्यापासून माझ्या दिवसात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं, तिच्यासंग जाणं अन् तिच्यासंग येणं. दिवाळी झाली, मी नेहमीसारखा स्टँडवर उभा, अन् ती समोरून स्वतः चालवत गेली. आवाज नाही, धूर नाही. हात मात्र हलवला, एसटीतल्या ओळखीच्या माणसाले हलवतात तसा.

तेवढंही मी गिळलं असतं. पण तिचं घर शेतात, तिथं शेतीची लाईन, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. म्हणून गाडी गावात चार्ज करावी लागते. अन् लावते कुठं? विकासच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर! त्यानं खास बाहेर प्लगचा बोर्ड काढून दिला, वरून पत्रा टाकला. ड्युटीवरून आली की वायर लावते अन् आत खुर्चीवर बसून चहा पिते. त्यानं गाडीजवळचा दोघांचा फोटो स्टेटसले टाकला. माझा मोबाईल त्यातच गेला.

गावात बाकी कोणाच्या घरी लाईट नाही काय, ताई? काहून त्याच्याच दारात? तुझ्या लग्नात मेंदी तिनंच काढली होती, तुझ्याशी ती मोकळी बोलते. तिले विचार. मी विचारायले लावलं हे मात्र सांगू नको.

भाऊजींना नमस्कार. चिडका आहे म्हणून माझ्यावरचा लोभ आटू देऊ नको.

तुझा
हरीओम

धनज, १० नोव्हेंबर २०२५

चि. हरीओमास,
ताईचे अनेक आशीर्वाद, अन् टपालातून एक धपाटा.

पत्र तुझ्या भाऊजींच्या हातात पडलं. म्हणाले, हरीओमनं पत्र लिहिलं म्हणजे एक तर लग्न, नाही तर कोर्ट. मी म्हटलं, दोन्ही नाही, नुसती आग लागली आहे. इकडे तूर बरी आहे, हरभरा उगवला, पिंटी आता भिंत धरून चालते अन् पडली की भिंतीलेच मारते. मामाचाच गुण.

वैभवीशी बोलली. तू मले अर्धीच हकीकत लिहिली, हरी. गाडी आणली त्या संध्याकाळी ती सगळ्यात आधी आपल्या घरी आली होती. एका हातात पेढे, एका हातात चार्जर. तुमच्या ओसरीत लावत जाऊ काय, असं तिनं आईले विचारलं. आई हो म्हणणार तेवढ्यात तू आतून ओरडला, की ज्याले दुसऱ्याची गाडी चालत नाही त्यानं दुसऱ्याची लाईट कायले मागावी. ती पेढे ठेवून निघून गेली. विकासनं तिले बोलावलं नव्हतं, तीच त्याच्याकडे विचारायले गेली.

आता तूच सांग, त्या दारात तिले कोणी धाडलं?

पेढे कोणी खाल्ले तेवढं कळव. आईले सांग, गुडघ्याले तेल लावत जा. तुझ्यावर माया आहेच, ती काही तुझ्या वागण्यावर थोडीच आहे.

तुझी
ताई

अनसिंग, १५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

हो, ओरडलो. पेढे बाबांनी खाल्ले.

पण गाडी घेतलीच काहून? माझ्या मागे बसून तिले एक दिवस उशीर झाला नाही. पावसात रेनकोट तिले अन् मी ओला. काल त्या दुकानासमोरून जाताना राहवलं नाही. वायर उपटून नालीत फेकावी म्हणून पार प्लगपर्यंत गेलो. तेवढ्यात विकासची आई रामीबाई बाहेर आली अन् झेरॉक्स काढायची काय म्हणून विचारलं. जवळ कागद नव्हता. आधार कार्ड काढून दिलं अन् त्याची झेरॉक्स घेऊन घरी आलो. दर वेळी रामीबाई आडवी येणार नाही.

तिले विचार, माझ्या गाडीत काय कमी होतं. लवकर लिही.

तुझाच
हरीओम

धनज, २० नोव्हेंबर २०२५

चि. हरीओमास, आशीर्वाद.

विचारलं. तुझी गाडी चांगलीच होती म्हणे. पण वाशिम येईपर्यंत तू आरशात पाहून विचारत राह्यचा. कोणाचा फोन होता, लॅबमध्ये कोण आलतं, तो हसला कायले. तिचा फोन वाजला की गाडी हळू करायचा. ती म्हणाली, ताई, मले हरीओम आवडतो, पण रोज झडती देऊन कामावर जाणं माझ्यानं होत नाही.

आवडतो हा शब्द तिचाच आहे. लिहू की नको याचा मी लय विचार केला, कारण तू त्याच्यावर उड्या मारशील अन् पुढचं वाचणार नाही. पुढचं वाच. वायरीले हात लावला, नाही तर तिले पुन्हा एकदा जाब विचारला, तर ती तुझ्याकडे वळून पाहणार नाही. हे मी सांगून नाही राह्यली, ती सांगून राह्यली.

आईले नमस्कार. तुझी काळजी करणं मले जमतं, तुझी वकिली नाही जमत.

ताई

अनसिंग, १२ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. या वेळी खरंच वाकून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वायरमन बोलावून ओसरीत बोर्ड बसवला. मग स्टँडवर वैभवीले सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोललो, आमच्याकडे आता जागा आहे. ती पाहीन म्हणाली अन् गेली. मग आलीच नाही. रोज विकासच्या दारात तीच वायर अन् तोच चहा. मी आईवर चिडायचो, अन् आई म्हणायची, बोर्डाचा लाल दिवा उगाच जळून राह्यला, हरी, विझवून टाक.

परवा आली. माझ्यासाठी नाही, विकास लग्नाले कारंज्याले गेला होता, दुकान बंद. म्हणजे मी दुसरा नंबर. हे समजत असूनही गाडी ओसरीत मीच चढवली. ती आईजवळ तुरीच्या शेंगा सोलायले बसली, मी पलीकडे बसलो. तिचा फोन वाजला. नाव पाहून हसली अन् अंगणात जाऊन बोलत राह्यली. पुन्हा हसली. ताई, प्रश्न माझ्या दातांपर्यंत आला होता. मी शेंगा सोलत राह्यलो. दाणे टरफलांत अन् टरफलं दाण्यांत टाकून राह्यलो होतो, आईनं पाठीत बुक्की घातली तेव्हा समजलं. ती परत आली, अन् माझ्याकडे पाहत थांबली. तिची सगळी उत्तरं तयार होती. मी विचारलं, थोडे दाणे घरी न्यायले बांधून देऊ काय. तिनं फोन पर्समध्ये ठेवला अन् खाली बसली. मग म्हणाली, दे.

आज विकासचं दुकान उघडं आहे. हे लिहून राह्यलो तर पांढरी गाडी आपल्या ओसरीत लागलेली आहे, अन् ती आत आईच्या गुडघ्याले तेल लावून देऊन राह्यली.

फोन कोणाचा होता, मले माहीत नाही. तुले ती सांगेल, नाही तर तू विचारशीलच. पण एवढी माया कर, ताई, मले कळवू नको.

तुझा
हरीओम