जिन्यावरची फळी काढू नका

चिमीचे बाबा,

पिल्लाला डॉक्टरांकडे नेतेय. ते पुढचा पाय टेकवतच नाहीये. जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी लावलीय, ती काढू नका.

आधी सगळ्यात खालची पायरी, ती जमली की तिच्या वरची, असं मी कानीकपाळी ओरडत होते. तुम्ही त्याला थेट वर ठेवलंत आणि खालून बिस्किट दाखवलंत. ते गडगडत आलं, तरी तुमचं आपलं एकच, "भीती अशीच चेपते." आणि खुशाल बाहेर निघून गेलात.

चिमी कठडा धरून सगळं बघत होती. आत्ता चपला घालताना तिने हळूच विचारलं, "उद्या बाबा मला पोहायलाही असंच शिकवणार?"

तिला बरोबर नेतेय. तिचा पोहायचा ड्रेसही घेतलाय. शोधत बसू नका.