ऑटो-अपडेट आणि साडूची पथारी

२ डिसेंबर, सकाळी
आजपासून मोबाइलचं ऑटो-अपडेट बंद. कायमचं. मेसेजचं ॲप आपोआप अपडेट झालं आणि बटणं इकडची तिकडे करून बसलं. मला विचारलं? नाही. दीपमालासाठी बोललेला व्हॉइस मेसेज मिरची व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेला. त्यात मी एवढंच म्हटलं होतं, की नवनीत मिरचीवर पाणी मारून वजन वाढवतो. नंदुरबारच्या अख्ख्या मार्केटने ऐकलं. नवनीतने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.
अंगठा! बघून घेईन.

२ डिसेंबर, दुपारी
दीपमाला म्हणाली, "खोटं बोलाले तुम्हले ॲपनी सांगं व्हतं का?" बायको नवनीतच्या पार्टीची आहे. साहजिक आहे, त्याची बायको हिची सख्खी बहीण.
नवनीत माझा साडू. गेल्या सीझनपर्यंत पार्टनरही. यंदा मी मिरची वाळवायला स्वतंत्र पथारी घेतली, मुद्दाम त्याच्या शेजारी. रोज दिसलं पाहिजे त्याला. घरातलं सगळं भांडवल त्या मोकळ्या रानात लाल होऊन पसरलंय. माल कडक वाळू दे, मग त्याचं तोंड बघायचं.

५ डिसेंबर
हवामानाचं ॲप उघडेना. आधी अपडेट करा म्हणतं. मला हुकूम? डिलीट करून टाकलं. कंपनीला चांगलीच झोंबली असणार.
पावसाची काळजी नाही. नवनीतच्या फोनवर इशारा आला की तो ताडपत्री टाकतो. तो टाकताना दिसला की मी टाकतो. याला मदत घेणं म्हणत नाहीत.

८ डिसेंबर, रविवार
साडूकडे जेवण. भरीत, कळण्याची भाकर. जायचं नव्हतं, पण मेहुणीच्या हातचं भरीत. नवनीत व्हॉइस मेसेजबद्दल एक शब्द बोलला नाही. फार आतल्या गाठीचा माणूस.
त्याचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता. लॉकचा पॅटर्न पार्टनरशिपच्या वेळचाच. मूर्ख. ऑटो-अपडेट बंद केलं. माझी ॲप बंद पडतात ना, आता त्याचीही पडू देत.
भरीत दोनदा घेतलं.

२२ डिसेंबर
यश! नवनीत पथारीवर फोन हलवून हलवून बघत होता. हवामानवालं उघडत नाही म्हणे. मला विचारलं, "तुन्हं चाली ऱ्हायनं का?" मी म्हटलं, मस्त चालतंय. घरी येऊन एकटाच हसलो. दीपमालाने कारण विचारलं. सांगितलं नाही.

२७ डिसेंबर, दुपारी
दीपमालाचा फोन. आभाळ भरून आलंय, ताडपत्री टाका म्हणे. बायकांना धंद्यातलं काय कळतं. नवनीतची ताडपत्री घडी घालून पडली आहे. म्हणजे पाऊस नाही. तीन मजूर बायका होत्या, त्यांना लवकर सोडलं. हजेरी वाचली.

२७ डिसेंबर, संध्याकाळी
गारासुद्धा.

२८ डिसेंबर
सूड पूर्ण झाला. नवनीतचा सगळा माल भिजला.
माझाही.
काल पाऊस सुरू झाला तेव्हा नवनीत धावत माझ्याच पथारीवर आला होता. माझ्या ताडपत्रीचं एक टोक त्याने धरलं, एक मी. वारा एवढा होता की अर्धी पथारीसुद्धा झाकता आली नाही. त्याची तर तशीच उघडी राहिली. त्याला म्हणालो, आधी तुझं झाक. ऐकलं नाही.

३० डिसेंबर
दोघं मिळून मिरची उलथतोय. काळी पडायला लागलीय. माझं ह्या सीझनचं काही खरं नाही. नवनीत म्हणाला, "आते तं देवनीच पानी मारं." ग्रुपवरचं त्याने एवढंच काढलं. मला हसू आलं नाही.
मग फोन माझ्याकडे दिला. म्हणाला, "हवामानवालं तुन्हं चालस ना, मन्हं बी चालू करी दे. पॅटर्न तोच शे. मी बदलेल नई."
ऑटो-अपडेट चालू करून दिलं. एकेक ॲप गोल गोल फिरायला लागलं. नवनीतने हात पुढे केला, "तुन्हा बी दे, देखू दे कसं चालस."
दिला. त्याने माझा जुना पॅटर्न काढला. दोनदा काढला. उघडला नाही.
पार्टनरशिप सुटली त्याच दिवशी मी बदलला होता.