मिसेस ऑर्लिन हाउगेन यांची हॉटडिश

व्हेलबर्ग, मिनेसोटा
९ एप्रिल १९८१

चि. मार्लिस हिस आयोनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकली असशील. सव्वीस वर्षांत मी तुला नाताळच्या कार्डाखेरीज काही लिहिलं नाही, आणि त्या कार्डावरही सही तुझ्या बाबांचीच असायची. बर्फ वितळलंय, अंगणात नुसता चिखल. शेजारच्या एल्डननं न सांगता माझी पायरी दुरुस्त केली आणि वर तीनदा कॉफी उकळली. विधवेला फुकट काही मिळत नाही बघ!

आता मुद्द्याचं. आपल्या चर्चला शंभर वर्षं होतायत, म्हणून बायकांच्या मंडळाचं स्वयंपाकाचं पुस्तक नव्यानं छापतायत. जुन्यात प्रत्येकीचं नाव नवऱ्याच्या नावानं होतं. पान एक्केचाळीस : खिम्याची हॉटडिश, मिसेस ऑर्लिन हाउगेन. एक पौंड बीफचा खिमा, एक कांदा, अर्धं पाकीट नूडल्स, मश्रूम सुपाचा एक डबा, वर पावाचा चुरा, आणि सगळं एकाच भांड्यात ओव्हनला. पुस्तक त्रेपन्न सालचं, आणि मी या घरात आले पंचावन्न साली.

म्हणजे ती मिसेस हाउगेन मी नव्हे, तुझी आई. पण नव्या आलेल्या बायका मलाच शाबासकी द्यायच्या. पहिल्यांदा मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं गं, पण कौतुक गोड लागलं आणि तोंड मिटलं. मग मिटलेलंच राहिलं. फेब्रुवारीत तुझ्या बाबांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात त्याच हॉटडिशची तीन भांडी आली. मंडळातली जुनी लव्हॉन, तीही आता विसरलेली, सगळ्यांदेखत म्हणाली की आयोनीच्या हातची सर कुणाला नाही. तू काटा खाली ठेवलास, कोट घातलास आणि गेलीस. मी पाहिलं.

या वेळी बायकांची स्वतःची नावं छापणार आहेत. लव्हॉननं माझं नाव घालून कागद पाठवलाय, महिनाअखेर तो छापखान्यात जाईल. तुला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही.

लोभ आहेच असं लिहायची हिंमत नाही. असावा, एवढंच मागणं.

आयोनी

---

डुलुथ
१६ एप्रिल १९८१

ती. आयोनी यांस मार्लिसचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार दिवस ते फ्रिजवर ठेवून त्याच्याकडे पाठ करून वावरले. आईचं नाव घाला. ॲव्हिस हाउगेन. बस्स, एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं, पण पुन्हा फोडलं.

तुम्ही कौतुक घेतलंत याचा मला राग होता, नाही असं नाही. पण मी त्या दिवशी उठून गेले ते त्यामुळे नव्हे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडच्या बायका पुस्तकाला पाककृती देतात, पण एखादी गोष्ट हळूच गाळून. आईनं जायफळ गाळलं होतं. ती खिमा परतताना वर चिमूटभर जायफळ किसायची. मी ओट्याशी स्टुलावर बसलेली असे. मला म्हणायची, की हे तू, मी आणि बाबा, आपल्या तिघांतच, लव्हॉन जन्मभर डोकं खाजवत बसू दे.

तुम्ही आल्यावरच्या पहिल्या बुधवारी ते पुस्तक उघडून हॉटडिश केलीत. हात भाजला होता तुमचा, बोटाला लोणी लावलं होतंत. मला विचारलंत, आईसारखी झालीय का. मी दहा वर्षांची होते, पण काय करतेय ते मला पक्कं कळत होतं. मी म्हटलं, अगदी तश्शीच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही दर बुधवारी तीच करू लागलात. आणि मी दर बुधवारी मनात म्हणायचे, बरी जिरली हिची.

त्या तळघरात बिनजायफळाचा पहिला घास घेतला आणि कळलं, की मी तुम्हाला नव्हे, बाबांनाच सव्वीस वर्षं उपाशी ठेवलं. म्हणून गेले. तोंड दाखवायला जागा नव्हती.

जायफळ छापायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी लोभाबद्दल काय लिहू? कमवलेलाच नाही.

मार्लिस

---

व्हेलबर्ग
२३ एप्रिल १९८१

चि. मार्लिस हिस अनेक आशीर्वाद.

आधी खरं सांगते, मी चिडले. भांडं आपटलं. मेल्या कार्टीनं मला सव्वीस वर्षं मूर्ख बनवलं, असं मोठ्यांदा म्हटलं. एल्डन पायरीवर होता, तो कॉफी न घेताच पळाला.

मग काल बुधवार होता, म्हणून केली. जायफळ विकत आणावं लागलं नाही गं. नाताळच्या बिस्किटांसाठी ठेवलेली डबी त्याच फळीवर होती, मिठाच्या शेजारी. सव्वीस वर्षं माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

तुझे बाबा पहिला घास घेऊन नेहमी क्षणभर थांबायचे. चमचा हातात, डोळे मिटलेले. मला वाटायचं, प्रार्थना करतायत. मी आपली मान झुकवून बसायची त्यांच्याबरोबर. काल मी पहिला घास घेतला आणि कळलं, ते कशाची वाट बघायचे. दर बुधवारी बघायचे, आणि मग मुकाट्यानं ताट संपवून म्हणायचे की छान झालीय. शेवटच्या आठवड्यात अन्न जात नव्हतं, तरी हॉटडिश मागितली त्यांनी. तीन चमचे खाल्ली. मी खूप रडले काल.

पण तुझ्यावर सगळं ढकलणार नाही. तू दहा वर्षांची पोर, मी अठ्ठावीस वर्षांची बाई. मी त्यांनाच विचारायला हवं होतं, ॲव्हिस कशी करायची म्हणून. तिचं नाव या घरात काढायची मला भीती वाटायची. त्यांना वाटायचं, काढलं तर मी दुखावेन.

कागदावर माझं नाव खोडून ॲव्हिस हाउगेन लिहिलं आणि काल पोस्टात टाकला. जायफळ घातलं नाही. तिनं लव्हॉनपासून लपवलेलं मी कशाला सांगू? खाजवू दे डोकं.

येत्या बुधवारी पुन्हा करणार आहे. चार तासांचा रस्ता आहे, माहीत आहे. जमलं तर ये. ताटात वाढल्यावर मी तुला पुन्हा विचारीन, आईसारखी झालीय का. या वेळी खरं सांग.

वाट पाहते.

आयोनी