ससा चरायला गेलाय

प्रिय चिमे,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, हसू नकोस. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच काहीतरी चेष्टा केली असतीस आणि मी विषय बदलला असता.

घड्याळांचं दुकान मी बंद केलं. बाबांचे चिमटे, भिंगं, सगळं पेटीत भरलंय. तू तिकडे तेच काम करतेस, तेव्हा तुलाच पाठवीन.

पौर्णिमेला दिवेलागणीच्या सुमारास बाबा आपल्याला गच्चीवर न्यायचे, आठवतं? तुला चंद्रात ससा दिसायचा, मला दातेरी चाक, आणि त्यावरून आपली जुंपायची. बाबा कायम तुझ्या बाजूने. सशाचे कानसुद्धा बोटाने दाखवायचे. मग एका वर्षी म्हणाले, ससा आज चरायला गेलाय. पुढच्या पौर्णिमेलाही तेच. आपण पोट धरून हसलो होतो.

त्याच वर्षी त्यांच्या हातून घड्याळं बिघडायला लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याची आठवण म्हणून जपलेलं घड्याळ होतं, त्याची केसाएवढी स्प्रिंग बाबांनी तोडली. लक्ष नसेल तर घरी बसा, असं मी गिऱ्हाइकादेखत त्यांना बोललो. हे तुला कधीच सांगितलं नाही. ते खरंच घरी बसले आणि जाईपर्यंत दुकानाकडे फिरकले नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या हातून तशीच स्प्रिंग तुटली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून मनाची समजूत घातली. त्या संध्याकाळी पौर्णिमा होती, कितीतरी वर्षांनी गच्चीवर गेलो. चंद्राची कड तेवढी दिसली, मध्ये नुसता धुरकट डाग. ना चाक, ना ससा. बाबा चेष्टा करत नव्हते गं. टाकीला टेकून मी लहान मुलासारखा रडलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्या घराण्यातच आहे हे. आधी एक डोळा जातो, मग दुसरा. लवकर सापडलं तर आवर घालता येतो, माझी वेळ निघून गेली. आपण जन्मभर ज्या डोळ्याला भिंग लावतो त्याच्याच भरवशावर बसतो, दुसरा गेल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून येत्या पौर्णिमेला भिंगाचा डोळा तळहाताने झाक आणि दुसऱ्याने बघ. ससा दिसला तर दोन ओळी लिही, मी कुणाकडून तरी वाचून घेईन. चरायला गेला असेल, तर बाबांसारखं हसण्यावारी नेऊ नकोस. सकाळी उठून डॉक्टरांकडे जा, आणि लेकीलाही बरोबर ने.

तुझाच,
दादा